चपलांचा बिल्ला आणि कुकी

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली गावकऱ्यांच्या मदतीने बांधला, असा इतिहास आहे. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. तलावाकाठी भगवतीचे देऊळ आहे. तिथली एक लोककथा अशी, की लग्नकार्याला दागिने हवे असले तर फुलांचे दागिने करून परडीत घालायचे आणि परडी तळ्यात सोडायची. तळे तसेच सोन्याचे दागिने देई. कार्य आटोपले की ते परत करायचे. पुढे कोणा एकाने ते परत केले नाहीत आणि तळ्याने देणेच बंद केले.

कथा ही कथाच. पण तिच्यामागे देवघेवीचा एक जुना प्रश्न आहे. कोणी काय नेले, हे कोणाला तरी लक्षात ठेवावे लागते. मग किती लक्षात ठेवायचे आणि ती आठवण कोणाजवळ असावी? इंटरनेटच्या इतिहासात नेमका हाच प्रश्न १९९४ साली उभा राहिला. त्याला मिळालेले उत्तर म्हणजे 'कुकी'.

त्याआधी थोडे मागे जाऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात युरोपातील सर्न या प्रयोगशाळेत वेबची रचना केली. शास्त्रज्ञांना एकमेकांचे लेख सहज वाचता यावेत, हा तिचा हेतू. या रचनेत वाचकाचा संगणक पान मागतो, दूरचा संगणक ते देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढच्याच क्षणी तोच वाचक दुसरे पान मागू लागला, तरी देणाऱ्याला तो नवखाच. लेख वाचायला एवढे पुरेसे होते. दुकान चालवायला मात्र पुरेसे नव्हते. ग्राहकाने पिशवीत काय टाकले, हे दुकानदार दर पानागणिक विसरला तर विक्री होणार कशी?

अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीपुढे ही अडचण आली. तिथल्या लू मॉन्टुली या तरुण अभियंत्यासमोर एक सोपी वाट होती. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा, की झाले. परंतु मग तो क्रमांक पाहून कोणतीही दोन संकेतस्थळे एकाच माणसाचा माग काढू शकली असती. म्हणून त्यांनी ती वाट सोडली आणि वेगळी युक्ती काढली.

ही युक्ती समजायला मोठ्या देवळाबाहेरचा चपलांचा बिल्ला आठवा. चपला ठेवल्या की आपल्याला एक क्रमांक मिळतो. त्यावर आपले नाव, गाव, काही नसते. बिल्ला आपल्या खिशात राहतो आणि ज्या टपरीवर तो मिळाला तिथेच चालतो. कुकी तशीच. ती संकेतस्थळाने दिलेली एक छोटी चिठ्ठी असून वाचकाच्या संगणकात राहते. पुन्हा त्याच स्थळी गेल्यावर ब्राउझर ती दाखवतो. दुसऱ्या स्थळाला दाखवत नाही. नेटस्केपचा ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेला ब्राउझर कुकी वापरू शकत होता. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट आले ते कुकीसकटच.

मग बिघडले कुठे? आता समजा, प्रत्येक देवळाबाहेरची टपरी एकाच मालकाची आहे आणि आपल्या खिशात त्याचा एकच बिल्ला आहे. आपण पंढरपूरला कधी गेलो, कोल्हापूरला कधी गेलो, हे सगळे त्याच्या वहीत जमा होईल. वेबवर तसेच घडले. पानावरचे जाहिरातीचे चित्र बहुधा तिसऱ्याच संगणकावरून येते आणि तो संगणकही आपली चिठ्ठी देऊ शकतो. एकाच कंपनीच्या जाहिराती हजारो स्थळांवर असल्या, की नाव न विचारताही माग तयार होतो. हिला त्रयस्थ कुकी म्हणतात.

हा धोका लवकर ओळखला गेला होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचे पहिले अधिकृत तांत्रिक मानक प्रसिद्ध झाले. त्रयस्थ कुकींना मुळातच अटकाव असावा, असे त्यात सुचवले होते. प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही. सफारी या ब्राउझरने त्या पूर्णपणे रोखल्या २०२० साली. क्रोमनेही त्याच वर्षी तसा बेत जाहीर केला होता; तो २०२४ साली मागे घेतला.

आपण शिक्षक मंडळी म्हणाल, हे झाले जाहिरातदारांचे. संशोधनसंस्थांचा इथे काय संबंध? संबंध आहे. संशोधनाच्या संकेतस्थळालाही वाचकाने निवडलेली भाषा लक्षात ठेवायची असते, किती जण आले ते मोजायचे असते. शिवाय कुकी नसली तरी कोणत्या आयपी पत्त्यावरून, केव्हा, कोणते पान मागितले, याची नोंद त्याचा संगणक ठेवतच असतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीच्या संशोधन विभागाने अभ्यासकांसाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे दोन कोटी शोध आपल्या संकेतस्थळावर खुले केले. नावे काढून तिथे क्रमांक घातले होते. हेतू चांगला होता. पण माणूस आपल्या गावाबद्दल, आजाराबद्दल, आडनावाबद्दलच शोधतो. त्या शोधांवरून वार्ताहरांनी थोड्याच दिवसांत एका वृद्ध महिलेचे घर गाठले. कंपनीने माहिती काढून टाकली, परंतु तोवर तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आणि मुलांचा माग काढण्यास मनाई, असे त्याचे सर्वसाधारण धोरण आहे. संशोधनाला मात्र काही अटींवर त्यात सूट आहे. मी स्वतः संशोधक आहे आणि ही सूट मला हवीच आहे. पण सूट मिळाली म्हणजे एओएलची चूक पुन्हा होणार नाही, असे नाही. लागेल तेवढेच घ्यावे, आयपी पत्त्याचा शेवटचा भाग गाळून टाकावा, काम झाले की नोंद पुसावी, हे संशोधकाने स्वतःच ठरवायचे असते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ब्राउझरमधल्या साऱ्या कुकी पुसा. मग विज्ञानाची माहिती देणारी पाच संकेतस्थळे उघडा आणि सेटिंगमध्ये जाऊन चिठ्ठ्या मोजा. कोणती चिठ्ठी त्याच स्थळाची आणि कोणती त्रयस्थाची, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. त्या स्थळाने आपल्या गोपनीयता धोरणात काय लिहिले आहे, तेही शेजारी मांडा. दोन्ही जुळतात का, हे मुले स्वतःच सांगतील.

धामापूरच्या कथेत विश्वास मोडला तो घेणाऱ्याने. इथे दागिने आपले आहेत आणि ते परत करण्याची जबाबदारी तळ्याची आहे.