ठसा-शाईची भेटकार्डे

रबराचा किंवा पारदर्शक पॉलिमरचा ठसा आणि स्पंजाने वा ब्रशने मिसळलेली शाई यांतून हाताने घडवलेले शुभेच्छापत्र. छापील ख्रिसमस कार्डाचा आरंभ 1843 मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी केला. भेटकार्डाची ही ठसेकला मात्र अगदी अलीकडची. दख्खनला ठसा नवा नाही. मछलीपट्टणम आणि पेडणा येथील कलमकारी लाकडी ठशांनीच कापडावर उमटते.

  मराठी आणि तेलुगू घरे शेजारी नांदणाऱ्या हैदराबादेत संक्रांत दोघांचीही, त्यामुळे एकाच कार्डावर ‘शुभेच्छा’ आणि ‘शुभाकांक्षलु’ शोभून दिसतात. ठसा घरी कोरायचा तर अक्षरे उलटी काढावी लागतात. देवनागरीची शिरोरेषा शब्द एकसंध धरते, पण वेलांटी आणि मात्रा बारीक ठेवल्या की तुटतात. त्या मुद्दाम जाड कोराव्यात.

कार्डाचे यश कागदावर ठरते. पूर्वी हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मराठवाड्यात, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा आहे. पुण्याची हातकागद संस्था 1940 ची. या कागदांचा पोत सुंदर असतो, पण शाई मिसळण्यासाठी तो घेऊ नये. उंचसखल पृष्ठावर ठसा तुटक उमटतो आणि शोषक कागद शाई जिथे पडली तिथेच पकडून ठेवतो, मग डाग पडतात. मिश्रणाला 250 ते 300 जीएसएमचा गुळगुळीत पांढरा कार्डकागद हवा. हातकागद त्याच्याखालचा पाया म्हणून वापरावा. तिथे तो खरा खुलतो.

डाय शाई कागदात मुरते आणि लवकर सुकते. पिगमेंट शाई पृष्ठावर राहते, उशिरा सुकते. म्हणूनच उठावाचे काम पिगमेंट शाईवर करतात: ठसा उमटताच एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, उरलेली झटकायची आणि हीट गनने वितळवायची. हैदराबादच्या उन्हाळ्यात यात रेंगाळू नये, शाई लवकर सुकते. उलट दमट हवेत पावडर नको तिथे चिकटते, त्यासाठी आधी कागदावर अँटीस्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवतात. वितळून चकचकीत झालेली रेघ पाण्यात विरघळणारी शाई धरत नाही. त्यावरून रंग फिरवून कापडाने पुसला की पांढरे नक्षीकाम रंगातून वर येते. या तंत्रातला सर्वांत आनंदाचा क्षण हाच.

रंग मिसळताना स्पंज कागदाबाहेरून गोलाकार फिरवत आत आणावा. थेट मध्ये टेकवला तर ठिपका बसतो आणि तो निघत नाही. फिकटाकडून गडदाकडे जावे. पिवळा आणि निळा मिळून हिरवा खुलतो, पण पिवळा व जांभळा एकमेकांवर चढले की मातकट होतात; त्यांच्यामध्ये गुलाबीचा पट्टा ठेवावा.

एम्बॉस केलेले कार्ड जाड पाकिटात, वर कोरा कागद ठेवून पाठवावे. पिगमेंट शाईचा भाग रात्रभर उघडा सुकू द्यावा. तोवर एकावर एक कार्डे रचू नयेत.