विल्सन कॉलेजमागचे चर्च आणि आठवड्याची पेनी

गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन कॉलेजचे मूळ स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत काढलेल्या शाळेत आहे. १८४३ मध्ये या शाळेला आपल्या इमारतीवर पाणी सोडावे लागले.

कारण एडिनबर्गमध्ये घडले. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या वादात स्कॉटलंडच्या राजमान्य प्रेस्बिटेरियन चर्चमधून साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले व त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापिले. वेतन, निवास, वास्तू, सारे मागे राहिले. विल्सनही नव्या चर्चमध्ये गेले.

पैशाची योजना थॉमस चामर्स यांची. घरोघर फिरून आठवड्याला पेनी-पेनी गोळा करावी, ती मध्यवर्ती निधीत जावी आणि तेथून प्रत्येक पाळकाला सारखा वाटा मिळावा. ग्लासगोच्या व्यापाऱ्याच्या पैशावर डोंगराळ खेड्यातला पाळक जगू लागला. (श्रीमंत मंडळ्या आपल्या पाळकाला वर काही देतच, ही गोष्ट वेगळी.) परदेशी मिशनांसाठी निराळी वर्गणी असे.

सारा पैसा मात्र पेनीचा नव्हता. १८४४ मध्ये अमेरिकेतून सुमारे ३,००० पौंड आले; त्यांत गुलाम बाळगणाऱ्यांचेही दान होते. १८४६ मध्ये, स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस ‘पैसे परत पाठवा’ अशी मागणी करीत स्कॉटलंडभर फिरले. चर्चने ते परत केले नाहीत.