नाशिकचे वाडे आणि पाहुण्यांची वास्तू

नाशिकमध्ये बाहेरगावच्या माणसाच्या मुक्कामाची सोय हॉटेलांच्या कितीतरी आधी वाड्यांनी केली. गोदास्नानाला येणारा यात्रेकरू आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायाकडे उतरे. उपाध्यायाच्या वहीत यजमानाच्या आजा-पणजाची नावे असत आणि त्या नोंदीवरच नवख्या माणसाचा पाहुणचार ठरे. त्यामुळे गोदाकाठच्या अनेक वाड्यांत बाहेरची ओसरी आणि माडी यात्रेकरूंची, तर माजघर, स्वयंपाकघर आणि देवघर घरच्यांचे, अशी विभागणी होती.

या वाड्यांचा भरभराटीचा काळ अठराव्या शतकातला. मोगलांचे गुलशनाबाद पेशव्यांकडे येऊन पुन्हा नाशिक झाले आणि सरदार, सावकार येथे बांधकामे करू लागले. नारोशंकराचे मंदिर १७४७ चे, सुंदरनारायणाचे १७५६ चे. सरदार ओढेकरांनी बांधलेले काळाराम मंदिर त्याच शतकाच्या उत्तरार्धातले. सराफ बाजाराजवळचा पेशव्यांचा सरकारवाडा याच परंपरेतला.

वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे आणि उंच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून पूर मोजणाऱ्या गावात ती गरजच होती. जोत्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, त्यात विटा-मातीच्या जाड भिंती, वर कडीपाट. रस्त्याच्या अंगाला खिडक्या कमी. उजेड आणि वारा यायचा तो मधल्या चौकातून. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई, तिच्या जागी भोवतालच्या सावलीतली गार हवा येई, आणि जाड भिंती दुपारचे ऊन लवकर आत येऊ देत नसत. नक्षीदार खांबांचे कौतुक सगळेच करतात. पण वाड्याचे खरे कौशल्य या वायुवीजनात आणि देवडीपासून माजघरापर्यंत पायरीपायरीने वाढत जाणाऱ्या खासगीपणात आहे.

१८६० च्या दशकात रेल्वे आली आणि यात्रेकरूंची संख्या उपाध्यायांच्या माड्यांत मावेनाशी झाली. मग धर्मशाळा वाढल्या. गाडगे महाराजांनी उभारलेली धर्मशाळा त्यांपैकी विशेष परिचित. अशा इमारतींनी मधला चौक आणि भोवतीच्या खोल्या ही वाड्याचीच मांडणी पुष्कळदा पुढे चालवली. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनंतर मात्र कामानिमित्त येणारा पाहुणा वाढला, त्याच्यासाठी महामार्गालगत हॉटेले आली आणि मुक्कामाचे केंद्र नदीपासून दूर सरकले.

राजवाड्यांची हॉटेले करण्याची वाट राजस्थानने दाखवली होती. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ मध्ये, उदयपूरचा लेक पॅलेस १९६३ मध्ये पाहुण्यांसाठी खुला झाला. महाराष्ट्रात कोल्हापूरला रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९८७ मध्ये हॉटेल झाला. नाशिकजवळ असा राजवाडा नव्हता. होते ते दाटीच्या गल्ल्यांतले मध्यम आकाराचे वाडे. त्यांचे वारस अनेक, जुने भाडेकरू वेगळे आणि दारापर्यंत मोटार येणे अवघड. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले, त्यानंतर वायनरी वाढल्या आणि गंगापूर धरणाच्या परिसरात निवासी रिसॉर्ट उभे राहिले. नाशिकची ऐषारामी पाहुणचाराची नवी ओळख द्राक्षमळ्यांशी जोडली गेली. तिचा नमुना युरोपातल्या द्राक्षबागांचा होता, वाड्याचा नव्हे.

वाड्यात आधुनिक सोयी आणणे अशक्य नाही, पण त्याला शिस्त लागते. सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. कडीपाटावर फरशी घालून न्हाणीघर केले की तुळयांवर भार येतो आणि झिरपणाऱ्या ओलीने लाकूड कुजते. म्हणून न्हाणीघरे तळमजल्याच्या दगडी भागात किंवा परसात स्वतंत्र बांधावीत. नळ, तारा यांची वाट भिंत फोडून नव्हे, तर बाहेरून काढावी. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा घातला तर आतली ओल अडकते. तिथे चुनाच हवा. वातानुकूलन बसवले तरी चौक काचेने कायमचा बंद करू नये, कारण चौक बुजला की वाड्याचा श्वासच थांबतो.

नव्या हॉटेलांच्या दालनांत जुने खांब आणि दरवाजे शोभेला लावण्याची रीत आता रूढ आहे. त्यातले पुष्कळसे लाकूड पाडलेल्या वाड्यांतून आलेले असते. शोभेपुरती अशी उसनवारी वारसा जपत नाही, उलट वाडा मोडण्याला भाव मिळवून देते. नव्या बांधकामाला घेण्यासारखी वाड्याची देणगी मांडणीत आहे: उघडा चौक, खोल पडवी, जाड भिंत, स्थानिक बेसाल्ट. या गोष्टी वापरायला एकही जुना वाडा पाडावा लागत नाही.