दाराची कडी

वेशीतून आत येताना वाकून या, वरचा ओंडका अंधारात दिसत नाही. लाकडी चौकटीत माती आणि दगड ठासून उभारलेला हा कोट लाबे नदीच्या काठी आहे, प्रागपासून घोड्यावर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तारीख 27 सप्टेंबर, साल 935. (जुन्या पुस्तकांत 929 सापडेल, आताचे बहुतेक अभ्यासक 935 धरतात.) आज संत कॉस्मास आणि दामियन यांचा सण, म्हणजे इथल्या चर्चचा उरूसच. कोटाचा धनी बोलेस्लाव याने थोरल्या भावाला जेवायला बोलावलंय.

धुराने डोळे चुरचुरतील, पण सवय होते. मधाची दारू फिरतेय. भांडं तुमच्यापर्यंत आलं तर निदान ओठाला लावा. बोलणं कळणार नाही, तरी कान द्या. एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : ब्रात्र. आपला भ्राता. बाकी सगळं परकं आणि हा एवढाच ओळखीचा.

मानाच्या जागी बसलाय तो वात्स्लाव, चेकांचा अधिपती, वय 28च्या आसपास. नाताळात शाळेत ‘गुड किंग वेन्सेस्लास’ गायला असाल तर तो हाच. गाण्यात राजा असला तरी जिवंतपणी तो राजा कधीच नव्हता. आजीच्या, लुदमिलाच्या हाताखाली वाढला, बुदेचच्या कोटात लॅटिन शिकला.

आजीचं नाव इथे मोठ्याने काढू नका. 921मध्ये वडील व्रातिस्लाव गेले, मुलं लहान, आणि कारभार सासूने बघायचा की सुनेने, यावर घर फाटलं. सून द्राहोमिरा उत्तरेकडच्या स्लाव टोळीतली. त्याच वर्षी सप्टेंबरात तेतीनच्या कोटात तिची दोन माणसं शिरली, तुन्ना आणि गोमोन, आणि त्यांनी म्हातारीचा गळा आवळला. नातू कर्ता झाल्यावर त्याने आजीचा देह प्रागला आणला, आईला देशाबाहेर काढलं आणि मग परतही बोलावलं. संतांच्या चरित्रांत ही परत बोलावण्याची गोष्ट घाईने उरकलेली असते. मला तर त्याच्या सगळ्या आयुष्यातलं तेच सर्वात अवघड काम वाटतं.

आता भिंतीलगत बसलेल्या शिबंदीकडे बघा. 929मध्ये जर्मन राजा हेन्री फौज घेऊन थेट प्रागपर्यंत आला, तेव्हा वात्स्लावने त्याचं वर्चस्व मान्य केलं, खंडणी कबूल केली. गावं जळायची वाचली. पण या लोकांचं पोट लुटीवर चालतं. खंडणी देणारा धनी त्यांच्या काय कामाचा? आणि धाकटा भाऊ त्यांच्यात बसून पितो.

पहाटे घंटा वाजते. चरित्रकथेत आहे तसंच सगळं घडतं. वात्स्लाव एकटाच प्रार्थनेला निघतो. वाटेत बोलेस्लाव भेटतो, तेव्हा तो रात्रीच्या पाहुणचाराबद्दल त्याचं कौतुक करतो. बोलेस्लाव तलवार उपसून त्याच्या डोक्यावर घालतो. वार नीट बसत नाही. थोरला धाकट्याला धरून चक्क खाली पाडतो! क्षणभर वाटतं, हे भांडण इथेच मिटणार. मग एकजण धावत येऊन वात्स्लावच्या हातावर वार करतो. भावाला सोडून तो चर्चकडे पळतो, आणि कोणीतरी ओरडतं : द्वेरि! हेही तुम्हाला कळतं. दार. दारातच त्याला गाठतात.

प्रागच्या संत वीतस कॅथेड्रलमध्ये वात्स्लावच्या नावाचं देवघर आहे. त्याच्या दारावर सिंहाच्या तोंडात एक गोल कडी आहे, आणि मरताना त्याने हीच धरली होती असं सांगतात. ती घडवली गेली पुढच्या काळात. आज या दाराला ती नाही. तरी हात आपोआप तिथे जातो.

धर्मवेडा थोरला आणि काफर धाकटा ही कथा मला पटत नाही. बोलेस्लावही ख्रिस्तीच होता. हाच माणूस पुढे जर्मन राजा पहिल्या ओटोशी 14 वर्षं झगडेल, 950मध्ये शरण जाईल, प्रागमध्ये चांदीची नाणी पाडेल. त्याची मुलगी डोब्रावा पोलंडच्या मिएश्कोशी लग्न करेल आणि 966मध्ये तो बाप्तिस्मा घेईल. चेकांचं राज्य बोलेस्लावनेच उभं केलं. भावाचा देह तीन वर्षांनी प्रागला नेऊन पुरला तोही त्यानेच. कॉस्मास नावाचा बखरकार जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहितो, की या मेजवानीच्याच दिवशी बोलेस्लावला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं स्त्राख्क्वास, म्हणजे ‘भीषण मेजवानी’, आणि प्रायश्चित्त म्हणून त्याला मठाला देऊन टाकलं. असल्या नावाने पोराला रोज हाक मारायची!

पण ते पुढचं. आत्ता अंगणात उजाडतंय आणि माणसं बाजूला सरताहेत. कोणीतरी पुटपुटतं : माति. मराठी कानाला आधी पायाखालचा चिखलच आठवतो, आणि मग बाई दिसते. द्राहोमिरा. सासूचा गळा आवळायला माणसं धाडणारी. ती मुलाच्या छातीवर कोसळते. मग एकेक अवयव गोळा करू लागते. देह घरी न्यायची तिची छाती होत नाही. ती त्याला पाद्र्याच्या घरात न्हाऊ घालते, कपडे चढवते आणि चर्चमध्ये आणून ठेवते. तेवढ्यात कोणीतरी सांगत येतं, की दुसऱ्या मुलाची माणसं आता तिला मारायला निघालीत. ती क्रोएटांच्या मुलखाची वाट धरते.