महाड-पोलादपूरच्या शाळा व कलेचे सत्र

जुबिलीच्या अंकात चर्चच्या भिंती केव्हा उभ्या राहिल्या, घंटा कोणी अर्पण केली, कोणत्या धर्मगुरूंनी किती वर्षे सेवा केली, हे सांगण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. ते कार्य या अंकात इतर बंधूंनी केले असल्यामुळे आम्ही वाचकांचे लक्ष दुसऱ्या एका विषयाकडे वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे महाड व पोलादपूर या आपल्या दोन तालुक्यांतील माध्यमिक शाळांत मुलामुलींस मिळणारे गायन, चित्रकला, नाट्य व हस्तव्यवसाय यांचे शिक्षण. जुबिलीच्या प्रसंगी हा विषय अप्रस्तुत आहे असे कोणास वाटेल. परंतु रविवारी आपल्या गायनवृंदात जे कोवळे गळे आपण ऐकतो, तेच आठवड्याचे इतर दिवस शाळेच्या बाकावर असतात. तेथे त्यांचे काय होते हे पाहणे आपले कर्तव्यच होय.

कला या भागास शाळेने शिकविली असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. ती येथे शाळेच्या पुष्कळ आधीपासून नांदत होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून ज्याने ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचिले, त्या कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपुरास आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. 1670 साली सिंहगडावर त्यांनी देह ठेविला, आणि त्यांचा पराक्रम घरोघर पोहोचला तो बखरींपेक्षाही तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने. महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. हे झाले थोरांचे. सामान्य शेतकऱ्याच्या अंगणात गौरी-गणपतीच्या दिवसांत जाखडी रंगे. मध्ये गवई व ढोलकीवाला, भोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारे गडी, आणि शक्तिवाले व तुरेवाले यांचे सवाल-जवाब. शिमग्यात खेळे निघत, आषाढीस दिंडी चाले, आणि भजनाची बैठक नाही अशी वाडी विरळा. यांतील बहुतेक गोष्टी आजही आहेत. मुंबईचा चाकरमानी गणपतीस गावी येतो तो केवळ देवदर्शनास नव्हे, त्या फेरात पाय टाकण्यासही येतो.

परंतु या वैभवास एक व्यंग होते, आणि ते झाकून ठेवणे सत्यास सोडून होईल. प्रत्येक वाडीची कला त्या वाडीपुरती होती. एकाच्या फेरात दुसऱ्याच्या मुलास जागा नसे. कोणी अंगणात नाचावे व कोणी कुंपणाबाहेरून पाहावे हे जन्माने ठरलेले असे. ज्या समाजात पाण्यासही कुंपण होते तेथे गाण्यास असावे यात आश्चर्य ते कोणते? 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांजबरोबरच सार्वजनिक शाळाही अस्पृश्य मानलेल्या बांधवांस मोकळ्या असाव्यात असे म्हटले होते. पुढे महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तथापि कागदावरील अक्षर पाण्यापर्यंत पोहोचले नाही. ते पोहोचविण्यास 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्या दिवसाची आठवण लोक पाण्याच्या संबंधाने करतात. आम्हास मात्र बोले यांच्या ठरावातील तो दुसरा शब्दही नेहमी आठवतो : शाळा.

कारण सर्व वाड्यांची मुले एका फेरात प्रथम उभी राहिली ती शाळेच्या पटांगणात. गणिताच्या तासास मुले शेजारी बसली तरी प्रत्येकाची पाटी निराळी असते. समूहगान तसे नव्हे. तेथे एकाचा सूर चुकला तर सर्वांचे गाणे बिघडते, आणि एकाने ताल सांभाळला तर सर्व तरून जातात. जे तळ्याच्या काठावर मोठ्या कष्टाने मागावे लागले, ते शाळेतील गाण्याच्या तासास, कोणी व्याख्यान न देता, मुलांच्या अंगवळणी पडते. कलेचा तास ही चैन नव्हे असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता शाळेत हे विषय आले कसे, तेही थोडक्यात पाहू. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली ती 1857 साली. तेथे 1879 पासून शालेय चित्रकलेच्या शिक्षणास आरंभ झाला, व 1893 साली ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचा वर्ग उघडला. पुढे ‘एलिमेंटरी’ व ‘इंटरमिजिएट’ या चित्रकलेच्या परीक्षा खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत गेल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे असतील. 1965 साली महाराष्ट्रात कला संचालनालय स्वतंत्र झाले व या परीक्षा त्याच्याकडे आल्या. संगीताची वाट निराळी. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले व 1908 साली मुंबईस. गाणे सभ्य घरातील मुलामुलींनी उजळ माथ्याने शिकावयाची विद्या आहे, हे लोकांस पटविण्यात त्यांचा वाटा फार मोठा. हाताच्या कामास प्रतिष्ठा मिळाली ती 1937 साली वर्धा येथे महात्मा गांधींनी मूलोद्योगी शिक्षणाचा विचार मांडल्यावर. आणि 1952-53 च्या मुदलियार आयोगाने प्रत्येक माध्यमिक विद्यार्थ्यास एखादा हस्तव्यवसाय यावा अशी शिफारस केली. अगदी अलीकडे, 2017 साली, चित्रकला, शास्त्रीय कला व लोककला यांत प्रावीण्य दाखविणाऱ्या विद्यार्थ्यांस दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याचे राज्य शासनाने ठरविले.

आपल्या ख्रिस्तसभेसही हा विषय परका नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला लागून ज्या शाळा असत, त्यांत मुलांस अक्षरओळखीबरोबर स्वरओळख करून देत. गरीब घरची मुले तेथे गावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकली, आणि त्यांच्या वंशजांनी पुढे मुंबईचे बँड व चित्रपटांचे वाद्यवृंद भरून टाकिले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट. परंतु ख्रिस्तचरित्र सांगावयाचे झाले तेव्हा त्यांनी मराठी ओवी पत्करली, आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोल येथे छापून निघाले. परक्या देशातील विद्वान जर येथील ओवीचा शिष्य होऊ शकतो, तर जाखडीचा ठेका वर्गात आणण्यास शिक्षकाने संकोच का करावा?

येथवर इतिहास झाला. आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली ते सांगतो.

आपल्या शाळांचे वर्ष दोन सत्रांचे. पहिले जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, दुसरे दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत. कलेचा सारा थाट बहुधा दुसऱ्या सत्रात, डिसेंबर-जानेवारीच्या स्नेहसंमेलनात होतो. पहिल्या सत्रात पावसाचा जोर, ओढ्यांस पूर, घटक चाचण्या. त्यामुळे गाण्याचा व चित्राचा तास ‘पुढे पाहू’ म्हणून सोडून देण्याकडे कल असतो. वरवर पाहता हे सोयीचे दिसते. परंतु त्यात एक अन्याय दडलेला आहे, व तो आमच्याही ध्यानात फार उशिरा आला.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या संमेलनास आम्हास पाहुणे म्हणून बोलाविले होते. मुलींचे समूहनृत्य सुरू झाले. दोन रांगा होत्या, परंतु पुढच्या रांगेत मधोमध एक जागा रिकामी होती, आणि मुली ती जागा राखूनच नाचत होत्या. आम्ही बाईंस कारण विचारिले. त्या म्हणाल्या, “फादर, ती जागा कातकरी वाडीतल्या मुलीची. पाऊले तिनेच सर्वांस शिकविली. दिवाळी झाली आणि आईबापांबरोबर ती वीटभट्टीवर गेली. मुली म्हणतात, तिची जागा भरायची नाही.” त्यानंतर आम्ही भाषण केले, टाळ्याही पडल्या, परंतु काय बोललो ते आम्हास स्मरत नाही. ती रिकामी जागा मात्र स्मरते.

वाचकहो, आपल्या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. म्हणजे वाडीतील यच्चयावत् मुले एका वर्गात बसतात असे सत्र एकच, व ते पहिले. कलेचा जो कार्यक्रम आपण दुसऱ्या सत्रावर ढकलतो, तो ज्यांच्यापाशी कला आहे परंतु कागदावर गुण नाहीत, अशा मुलांसच नेमका वगळून होतो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. केवळ दिनदर्शिकेने ते घडते. परंतु कुंपण हेतूने घातले काय किंवा दिनदर्शिकेने पडले काय, बाहेर राहिलेल्या मुलास त्याचे दुःख सारखेच.

दुसरी अडचण कायद्याची. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत; परंतु पट शंभराहून अधिक असेल तेथेच. शहरात हा आकडा लहान वाटेल. पोलादपूरच्या डोंगरांत, जेथे तरुण माणसे मुंबईस गेल्यामुळे घरोघरी म्हातारी माणसेच उरली आहेत, तेथे तो आकडा गाठणे कित्येक शाळांस कठीण. म्हणून गणिताच्या मास्तरांनीच पेटी काढावी व इतिहासाच्या बाईंनीच रंग कालवावेत, असा प्रसंग येतो. अशा शिक्षकांस आम्ही येथे मनःपूर्वक धन्यवाद देतो.

काही पालक आम्हास म्हणतात, “फादर, गाण्याने पोट भरत नाही, मुलाचे गणित बुडते.” त्यांस आम्ही नाते गावाकडे बोट दाखवितो. रायगडच्या वाटेवरील या गावी 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामणराव देशमुख जन्मले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. 1950 ते 1956 ते देशाचे अर्थमंत्री होते. त्यांच्याहून अधिक हिशेब आपल्या तालुक्यात कोणी केला असेल असे वाटत नाही. त्याच देशमुखांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणिले व स्वतः संस्कृत श्लोक रचिले. काव्याने त्यांचे गणित बुडविले नाही.

शिवाय असेही प्रसंग येतात की तेथे गणित व भाषा दोन्ही थिटी पडतात. 22 जुलै 2021 रोजी सावित्री-गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले आणि त्याच दिवशी तळीये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुढे कित्येक महिने आम्ही घरोघर जात होतो. मोठी माणसे बोलत. मुले गप्प असत. एका घरी एक मुलगा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी रेखाटीत बसला होता. त्याने डोंगर काढला होता, परंतु घरे डोंगराच्या पायथ्याशी न काढता माथ्यावर काढली होती. आम्ही काही विचारिले नाही. त्याने जे सांगावयाचे ते सांगितले होते. परीक्षेत ‘स्मरणचित्र’ म्हणून जो विषय असतो, त्याचा खरा अर्थ आम्हास त्या दिवशी कळला.

असो. उपदेश करणे हा आमचा धंदाच असल्यामुळे दोन शब्द सांगून आटोपतो. ज्यांच्या घरी पेटी, तबला वा गिटार धूळ खात पडली आहे, त्यांनी ती जवळच्या शाळेस द्यावी. ज्यांस गाता, वाजविता, चित्र काढता वा टोपली विणता येते, त्यांनी पहिल्या सत्रात, जून ते दिवाळीच्या दरम्यान, आठवड्याचा एक तास जवळच्या शाळेस द्यावा. आपला मुलगा त्या शाळेत आहे की नाही हे पाहू नये. शाळेच्या व्यवस्थापकांस आमची नम्र सूचना आहे की एक छोटे संमेलन दिवाळीपूर्वीच भरवावे. त्यास मंडप नको, दिवे नकोत. पाऊस असेल तर व्हरांडाही पुरे. मात्र कोणत्याही रांगेत जागा रिकामी राहू नये.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत दर आठवड्यास गायनाचा तास असे, व आम्ही त्याचा कंटाळा करीत असू. ईश्वरविद्येचे मोठे मोठे ग्रंथ असता हे सा रे ग म कशास, असे आम्हास वाटे. आज तीसेक वर्षांच्या सेवेनंतर पाहतो तो ग्रंथांतील पुष्कळ विस्मरणात गेले. परंतु आजाऱ्याच्या उशाशी, प्रेताच्या पायथ्याशी, जेथे शब्द सुचत नाहीत तेथे, त्या तासास शिकलेले गाणेच आमच्या उपयोगी पडते. तेच धन या खोऱ्यातील प्रत्येक लेकरास, भट्टीवर जाण्यापूर्वी, मिळो, एवढीच या जुबिलीच्या मंगल दिनी परमेश्वरापाशी आमची प्रार्थना आहे.