धूर बाहेर, हवा आत : फ्रँकलिनपासून पेलेटच्या शेगडीपर्यंत

आज आपण धुराड्याबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा विषय परका नाही. धुरावरून अग्नीचं अनुमान हे न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण, आणि त्याला दाखला दिला जातो तो स्वयंपाकघराचाच. पण त्यात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे हवा. धूर दिसतो, अग्नी दिसतो, हवा दिसत नाही. म्हणून ती विसरली जाते. थंड देशांतल्या शेगड्यांचा इतिहास पाहिला, तर हेच विसरणं पुन्हा पुन्हा दिसतं.

आपण 1744 पासून सुरुवात करू. त्या वर्षी बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात आपल्या नव्या लोखंडी शेगडीची माहितीपुस्तिका छापली. तोवर भिंतीतल्या उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जळायचं आणि बरीचशी ऊब धुराड्यातून निघून जायची. शिवाय आग खोलीतली हवा ओढून घ्यायची, म्हणून दारा-खिडक्यांच्या फटींतून गार झोत आत यायचा. फ्रँकलिनने जमिनीखालून एक मार्ग काढून बाहेरची हवा शेगडीतल्या पोकळ पेटीत आणली. ती तिथे तापून खोलीत यायची. धूर मात्र त्याने आधी खाली उतरवून मग धुराड्यात सोडला, आणि तिथेच अडचण झाली. धूर थंड झाला की वर चढेना. पुढच्या कारागिरांनी हा भाग बदलला.

1785 मध्ये समुद्रप्रवासात फ्रँकलिनने धूर कोंडणाऱ्या धुराड्यांवर एक दीर्घ पत्र लिहिलं. त्यात पहिलं कारण दिलं ते हवेच्या अभावाचं. नवं, घट्ट बांधलेलं घर असलं की आत हवा येत नाही, मग धूर बाहेर जाणार कसा? परीक्षा सोपी : दार हळूहळू किलकिलं करा. ज्या फटीला धूर नीट वर जायला लागेल, तेवढी हवा कमी पडत होती. पुढे 1796 मध्ये काउंट रम्फर्डने धुराड्याचा गळा अरुंद करायला सांगितलं. म्हणजे बाहेरची वाट किती मोठी असावी, हेही मोजायला हवं.

आता 1973 चं तेलसंकट घ्या. इंधन महागलं, अमेरिकेत घरांच्या फटी बुजवल्या जाऊ लागल्या. पुढच्या दशकात पेलेटच्या शेगड्या आल्या. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसवायच्या शेगडीला इन्सर्ट म्हणतात. इथे आग पंख्याच्या जोरावर चालते, आणि तरी दोन्ही जुने प्रश्न तसेच उभे राहतात.

रम्फर्डचा प्रश्न असा : पेलेटचा धूर थोडा आणि मानाने थंड. विटांच्या रुंद धुराड्यात तो पसरतो, गार होतो, ओल आणि काजळी धरते. म्हणून शेगडीपासून थेट वरच्या टोकापर्यंत तीन-चार इंच व्यासाची स्टीलची नळी, म्हणजे लायनर, घालायची. पंखा धूर ढकलत असतो, त्यामुळे नळीचा प्रत्येक सांधा घट्ट हवा. एक सैल राहिला तर धूर घरात येतो. वीज गेली की पंखा थांबतो. अशा वेळी ही उभी नळीच उरलेला धूर वर ओढते.

फ्रँकलिनचा प्रश्न असा : ही हवा येणार कुठून? घट्ट घरात स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा पंखा, कपडे वाळवायचं यंत्र, सगळी हवा बाहेर फेकतात. शेगडी त्याच हवेसाठी झगडते. ज्योत मंदावते, काचेवर काजळी येते. उपाय तोच, फ्रँकलिनचा : बाहेरून शेगडीपर्यंत स्वतंत्र धातूची नळी. तिचं तोंड बर्फ-पाचोळ्याने बुजू द्यायचं नाही आणि धुराच्या तोंडापासून लांब ठेवायचं.

हे ऊब वाचवण्यापुरतं नाही. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून त्याचा इशारा देणारं यंत्र घरात हवंच. आपल्यापैकी जे अमेरिकेत आहेत त्यांनी हे तपासावं. आणि जे पुण्या-मुंबईत आहेत त्यांनी बंद बाथरूममधला गॅसचा गिझर आठवावा. शेगडी नाही, पण न्याय तोच. आपल्या कौलारू घरातली चूल कौलांच्या फटींवर निभावून गेली. आता आपण फटी बुजवल्या आहेत, तेव्हा हवेची वाट मुद्दाम ठेवावी लागेल.