हेमिसचे मुखवटे आणि एक राजवध

अहिंसा हे ज्या धर्माचे आद्य व्रत, त्याच्या मठात राजवधाची आठवण नृत्याने जागविली जावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. लडाखमध्ये लेहपासून सुमारे ४० किलोमीटरवर हेमिसचा मठ आहे. तेथे तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्यात, १० व्या व ११ व्या तिथीस, पद्मसंभवाच्या जन्मोत्सवानिमित्त मुखवट्यांची नृत्ये होतात. लांब कर्णे व झांजा वाजू लागतात आणि पद्मसंभवाची आठ रूपे प्रांगणात अवतरतात. काळ्या टोपीचे नर्तक मात्र मुखवटा घालीत नाहीत. त्यांच्या नृत्याशी परंपरेने एक कथा जोडली आहे.

लांगदर्मा या तिबेटी राजाने धर्माचा छळ मांडला; तेव्हा ८४२ साली ल्हालुंग पेलग्यी दोर्जे नामक भिक्षूने रुंद बाह्यांत धनुष्य लपवून, नाचत राजासमोर जाऊन, त्यास बाणाने मारले. राजाच्या हातून अधिक पाप घडू नये म्हणून करुणेनेच हे कृत्य केले, असे परंपरेचे समर्थन आहे.

इतिहास मात्र इतका सरळ नाही. तुनह्वांगच्या गुहेत मिळालेल्या एका हस्तलिखितात याच राजासाठी बौद्ध प्रार्थना आढळते. म्हणून छळाच्या कथेविषयी आधुनिक संशोधक साशंक आहेत. त्याने मठांचा राजाश्रय आटविला, एवढेच काही जण मानतात. आणखी मौज अशी की, लडाखचे राज्य दहाव्या शतकात स्थापणारा न्यिमागोन हा लांगदर्म्याचाच पणतू. सतराव्या शतकात हेमिसला उदार आश्रय देणारा राजा सेंगे नामग्याल हाही आपले कूळ त्याच वंशाशी जोडीत असे. म्हणजे ज्या पूर्वजास परंपरेने धर्मद्रोही ठरविले, त्याचेच वंशज मठाचे आश्रयदाते झाले!

या विसंगतीचे उत्तर नृत्याच्या अखेरीस मिळते. तेथे पिठाच्या एका आकृतीचे तुकडे केले जातात. भिक्षूंच्या मते ती आकृती कोणा मनुष्याची नसून अहंकाराची व दुष्ट वृत्तींची होय. आमच्या मते, कथा ऐतिहासिक सत्य आहे की नाही यापेक्षा हे रूपांतर अधिक मोलाचे आहे. शत्रूचा द्वेष शतकानुशतके जपणे सोपे. त्या द्वेषाचा बाण स्वतःच्याच अंतःकरणाकडे वळविणे कठीण. ते कठीण काम या परंपरेने नृत्यातून साधले आहे.